चौदावा टेक

सोमवार, ३ फेब्रुवारी

डॉक्टर म्हणाले, चिडचिड माणसांवर काढू नका, कागदावर काढा, रक्तदाब आपोआप उतरेल. म्हणून ही वही. आजची चिडचिड: साखऱ्या.

साखऱ्या म्हणजे जाहिरात एजन्सीतला आमचा नेहमीचा माणूस. इतकं गोड बोलतो की फोन ठेवल्यावर कान पुसावासा वाटतो. नाव मी ठेवलंय, त्याला माहीत नाही. म्हणाला, "मॅडम, मोठं काम आहे. कारखान्याची फिल्म, तीस सेकंद. कामगार पाळी संपवून घरी येतो. बायको, लहान मूल, बस. काळजाला हात घातला पाहिजे. चेहरा आम्ही ठरवलाय, तुम्ही फक्त त्याच्याशी बोलणं करून घ्या." आणि चेहरा कोण, तर पक्कड!

हा पक्कड इंटरनेटवर नळ, पंखे, मिक्सर दुरुस्त करून दाखवतो. आठ लाख लोक बघतात म्हणे. हातात पाना धरता येतो म्हणून तो कामगार! मग उद्या ज्याला जिना चढता येतो त्याला राजा करा. बावीस वर्षं मी जाहिरातींसाठी नट निवडतेय. ह्या रीलवाल्यांना कॅमेऱ्याकडे बघून वाट्टेल ते बोलता येतं, पण समोरच्या माणसाकडे बघून बोला म्हटलं की ततपप. साखऱ्याला हे सगळं सांगितलं. तो म्हणाला, "तुमचं अगदी बरोबर आहे मॅडम," म्हणजे त्याने काहीच ऐकलं नव्हतं.

कारखाना कुठला, ते शेवटी हळूच सांगितलं. नोव्हेंबरात जिथे बॉयलर फुटला तोच. चार माणसं गेली. चौकशी चालू आहे, मार्चअखेर अहवाल येणार. त्याआधी फिल्म घरोघरी दिसायला हवी, लोकांचा विश्वास परत मिळवायचाय, असं साखऱ्या म्हणाला.

ताईला हे सांगितलेलं नाही. आम्ही दोघी बहिणी एकाच घरात राहतो. ती जळीत वॉर्डात नर्स आहे, आणि त्या नोव्हेंबरात घरी फक्त अंघोळीला यायची. कामाच्या गोष्टी दाराबाहेर, असं आमचं आधीपासून ठरलेलं आहे. फार सोयीचं आहे ते.

बुधवार, ५ फेब्रुवारी

पक्कड आला. पंचविशीचा, नखं खरोखर काळी. मला वाटलं होतं, केस रंगवलेला कोणीतरी येईल. ऑडिशनसाठी स्क्रिप्टमधलं एकच वाक्य दिलं: "यंत्राकडे लक्ष असलं की यंत्र दगा देत नाही." तो कागदाकडे बघतच बसला.

"ताई, हे कोणी लिहिलं?"

म्हटलं, लेखकाने. तुला काय करायचंय?

"तिथले तिघं-चौघं माझे व्हिडिओ बघतात. बॉयलरचा वाफ सोडणारा सेफ्टी व्हॉल्व्ह अडकतोय, काय करू, असं त्यांनी मला सप्टेंबरात विचारलं होतं. मी म्हटलं, हात लावू नका, साहेबांना लेखी कळवा. त्यांनी कळवलं होतं. आता मी हे वाक्य बोललो की ते मला व्हिडिओखाली विचारणार ना. काय सांगू त्यांना?"

मी म्हटलं, अरे, तू बोलत नाहीयेस, पात्र बोलतंय. तर म्हणाला, "मला पात्रबित्र जमत नाही. मी मीच असतो. रागावू नका." चहा पिऊन, कप स्वतः विसळून गेला.

घाबरट. खाली कोण काय लिहील ह्या धाकाने काम सोडतात, आणि ह्यांना आपण चेहरे म्हणायचं! साखऱ्याला तोऱ्यात फोन केला. "तुमचा आठ लाखवाला पळाला. आता मला माझं काम करू द्या. खरा नट देते, बघत राहाल."

लेखी कळवलं होतं म्हणे. असेल. ते चौकशीवाले बघतील की, त्यासाठीच बसलेत ते.

शनिवार, ८ फेब्रुवारी

सावकाशराव!

तीस वर्षं रंगभूमीवर, आणि बाहेर कुत्रं ओळखत नाही. चहाचा एक कप अर्धा तास पुरवतात, म्हणून हे नाव. पण माणूस उभा राहिला की दुसराच कोणी उभा राहतो. एकदा न्हाव्याची भूमिका होती तर दोन महिने न्हाव्याच्या दुकानात जाऊन बसले होते. शेवटी गिऱ्हाइकं ह्यांच्याच खुर्चीत बसायला लागली आणि न्हावी रुसला.

आज ऑफिसात त्यांना फक्त दारातून आत यायला सांगितलं. पाळी संपवून, थकून. वाक्य दिलं नाही. आमच्या धंद्यात क्लायंटचा मजकूर शूटिंगच्या आदल्या दिवशीच नटाच्या हातात पडतो. ते आत आले, खुर्चीवर बसले, बूट काढताना एका बुटाशी थांबले. संपलं. व्हिडिओ बघून साखऱ्याचा फोन: "मॅडम, रडवलंत." पहिल्यांदाच खरं बोलला असेल.

सावकाशरावांची एकच अट. "मला माणूस दाखवा. बॉयलरवर काम करणारा. तो कसा उभा राहतो, कसा बसतो, त्याशिवाय मला उभं राहता येणार नाही."

मंगळवार, ११ फेब्रुवारी

ताईला विचारलं. म्हटलं, एक नट आहे, कामगाराची भूमिका करतोय, बॉयलरवाल्या एखाद्या घरी त्याला बसायला मिळेल का?

"नाटक आहे का?" ताईने विचारलं.

"भूमिका आहे."

ती पोळपाट धूत होती. थोड्या वेळाने म्हणाली, "बरं झालं बाई, कोणाला तरी त्यांची आठवण आली." मग तिनेच सुचवलं. बॉयलर सांभाळणाऱ्याची बायको. नवरा नऊ दिवस ताईच्या वॉर्डात होता. घशात नळी होती, त्यामुळे त्या नऊ दिवसांत तो बायकोशी एक शब्द बोलू शकला नाही. डोळ्यांनी काहीतरी सांगायचा, तिला कळायचं नाही. दीड-दोन वर्षांचा मुलगा आहे. "ती बोलायला माणूस शोधतेय गं," ताई म्हणाली. "चौकशीत तिला कोणी धड बोलूच देत नाही. कंपनीचा वकील म्हणतो, तुमच्या नवऱ्याचं लक्ष नव्हतं."

मी एकही शब्द खोटा बोलले नाही. नट आहे, भूमिका आहे, कामगाराची आहे. पुढचं तिने विचारलं नाही.

गुरुवार, २० फेब्रुवारी

सावकाशराव आठ दिवस त्या बाईकडे रोज संध्याकाळी जात होते. आज ऑफिसात येऊन त्यांनी मला तो माणूस दाखवला. माझ्या अंगावर काटा आला.

उजवा खांदा किंचित खाली. बोलण्याआधी एक श्वास आत ओढून बारीकसा "हं". आणि हात! बॉयलरवाले कुठल्याही वस्तूला आधी हाताची मागची बाजू लावतात. तळवा लावला आणि वस्तू तापलेली निघाली तर बोटं आपोआप मिटतात आणि हात तिथेच अडकतो. मागची बाजू लावली तर हात झटक्यात मागे येतो. पंधरा वर्षांची सवय, मग तो घरीही तसंच करायचा. दाराची कडी, पाण्याचा पेला, मुलाचं कपाळ, सगळ्याला आधी हाताची मागची बाजू. बायको चेष्टा करायची म्हणे, मी काय तापलेली पाइपलाइन आहे का?

"तिने स्वतः उठून चालून दाखवलं," सावकाशराव म्हणाले. "मी केलं की म्हणायची, असं नाही, ते अजून हळू. चारदा करून घेतलं माझ्याकडून. जमलं तेव्हा तोंडाला पदर लावून आत गेली."

मी म्हटलं, सोनं मिळालंय, जपून ठेवा. त्यांचा चहा निवत होता. निघताना विचारलं, "ही फिल्म नेमकी कुणाची आहे?" म्हटलं, कारखान्यांची. सुरक्षिततेवर आहे.

रविवार, २३ फेब्रुवारी

ताई खुशीत. ती बाई वॉर्डात भेटायला आली होती, चेहऱ्यावर जरा तजेला होता म्हणाली. "सगळे तिला तो कसा गेला ते विचारतात. हा तुझा माणूस तो कसा चालायचा ते विचारतो. पुण्य लागेल तुला." एरवी मला माठ म्हणणारी माझी ताई.

गुरुवार, २७ फेब्रुवारी

मजकूर आज सावकाशरावांकडे गेला. तासाभरात फोन.

"हे कोणासाठी आहे ते आत्ता कळतंय मला. ती चार माणसं ह्याच कारखान्यातली ना?"

हो म्हटलं. अजून काय म्हणणार?

त्यांनी वाक्यं वाचून दाखवली. "'रोज सकाळी तपासतो. यंत्राकडे लक्ष असलं की यंत्र दगा देत नाही. म्हणून तर रोज घरी येतो.' बाई, हे ह्या माणसाने म्हणायचं? त्याने तीनदा साहेबांना कळवलं होतं. आणि जो घरी आला नाही, त्याचं लक्ष नव्हतं, असाच अर्थ झाला की ह्याचा."

मी म्हटलं, सावकाशराव, खलनायक केलात तेव्हा तुम्ही खून केले होते का? ते म्हणाले, "तेव्हा लोकांना ठाऊक होतं की मी नट आहे." मग मी माझं ठेवणीतलं काढलं. तुम्ही सोडलंत तर उद्या तिथे एखादा रीलवाला उभा राहील, काम तर थांबणार नाहीच. आणि नट हवेत, नट हवेत, म्हणून मी बावीस वर्षं घसा फोडतेय, ते सगळं पाण्यात जाईल. ह्यापुढे कोण ऐकेल माझं? मी असा सूर लावला की ऐकणाऱ्याला नाही म्हणता येत नाही. शेवटी येतो म्हणाले.

रक्तदाब आज तपासला नाही.

शुक्रवार, २८ फेब्रुवारी

शूटिंग. रिकाम्या गोदामात घर उभारलं होतं. दार, खाट, पाळणा, स्टुलावर पाण्याचा पेला. बाजूला पत्र्याचा खोटा बॉयलर, राखाडी रंगाचा वास अजून गेला नव्हता. खऱ्या बॉयलरची खोली चौकशीमुळे बंद आहे.

तेरा टेक वाया गेले. बॉयलरला हाताची मागची बाजू, उत्तम. दारातून येणं, उत्तम. मुलाच्या कपाळाला हात, बघत राहावं. मग बायकोकडे वळून बोलायचं, आणि तिथे सावकाशराव दगड. आवाज असा यायचा की जणू औषधाच्या बाटलीवरची सूचना वाचतायत. दिग्दर्शक लेन्समध्ये डोकं घालून बसलेला, नटाशी बोलायचं काम नेहमीप्रमाणे माझ्याकडे. साखऱ्या कपाळ पुसत जवळ आला. "मॅडम, त्या पक्कडला परत विचारू का? आपण जरा वाढवून देऊ."

ते मला झोंबलं. सावकाशरावांना पडद्यामागे घेऊन गेले. म्हटलं, वाक्य विसरा. कंपनी विसरा. तो नऊ दिवस तिथे पडून होता आणि तिच्याशी एक शब्द बोलू शकला नाही ना? आज तो दारात आलाय. तिला सांगतोय की मी धडधाकट आहे, घाबरू नकोस. ओठांवर शब्द कुठलेही असू देत, तिला सांगायचंय फक्त एवढंच.

ते म्हणाले, "हे तुम्ही मला सांगायला नको होतं."

चौदावा टेक. वळले, आत ओढलेला तो श्वास, आणि "म्हणून तर रोज घरी येतो" असं म्हणताना त्या माणसाच्या डोळ्यांत जे आलं ते मी ह्या वहीत लिहू शकत नाही. ध्वनिमुद्रण करणाऱ्याने कानावरचे हेडफोन काढून डोळे पुसले. दिग्दर्शक "कट" म्हणायचा विसरला. साखऱ्या तर हमसून रडला.

एवढीशी सूचना आणि एवढा फरक! हे कुणा आठ लाखवाल्याकडून झालं असतं का? आज किती दिवसांनी गाढ झोप लागेल.

गुरुवार, ६ मार्च

फिल्म आली. सकाळपासून फोन थांबत नाही. लोकांना तो खराच कामगार वाटतोय. "कुठे सापडला हो तुम्हाला हा?" असं धंद्यातल्या जाणत्या माणसांनी विचारलं. मी नुसती हसले.

ताईने ती वॉर्डातल्या टीव्हीवर पाहिली. संध्याकाळी आली, चपला काढल्या, खुर्चीवर बसली. मला वाटलं, आता ओरडेल.

"मुलाच्या कपाळाला तो जसा हात लावतो," ती म्हणाली, "ते तिने त्याला शिकवलेलं. तू ते कंपनीला नेऊन दिलंस."

मी म्हटलं, ताई, मी भूमिका म्हटलं होतं. नाटक तू म्हणालीस.

"बास." ताट उचललं आणि आतल्या खोलीत जाऊन जेवली. एकोणीस वर्षं एकत्र राहतोय, असं एकदाही झालं नव्हतं. ती चिडली की मला बरं वाटतं, कारण मग मलाही चिडता येतं. आज ती चिडलीच नाही.

बुधवार, १२ मार्च

ताई आज बोलली, पण उभ्या उभ्याच.

व्हॉल्व्हची तक्रार ज्याच्या हातून साहेबांकडे गेली होती, तो सोबतचा कामगार चौकशीत साक्ष देणार होता. तक्रारीचा कागद कंपनीकडे सापडत नाही म्हणतात, तेव्हा सगळी मदार त्याच्यावर होती. आता तो मागे सरतोय. त्याच्या घरचेच त्याला म्हणतात, टीव्हीवरचा तो माणूस बघ, तोही तिथलाच, रोज तपासतो म्हणतोय, तो काय खोटं बोलतोय? तुलाच कुठून व्हॉल्व्ह दिसला? बाप म्हणतो, नोकरी घालवशील. "अकरा वर्षं तिथे राबणाऱ्या मुलावर बापाचा विश्वास नाही," ताई म्हणाली, "आणि तुझ्या नटावर आहे."

वहीत खरं लिहायचं असं ठरलंय, म्हणून लिहिते. माझ्या मनात आधी आलं ते हे, की काय निवड केलीय मी! मग लाज वाटली. पण आधी ते आलं.

मग ताईने काय हवंय ते सांगितलं. एक पत्र. माझ्या ऑफिसच्या कागदावर, माझ्या सहीने. ह्या फिल्ममधला माणूस नट आहे, त्याने त्या कारखान्यात एक दिवसही काम केलेलं नाही. एवढंच. तो कामगार ते पत्र बापाला दाखवेल, चौकशीत मांडेल, आणि मग साक्ष देईन म्हणतोय. सुनावणीचा शेवटचा दिवस गुरुवार, वीस तारीख.

सावकाशरावांचाही फोन येऊन गेला, त्यांनाही तेच पत्र हवंय. रस्त्यात लोक त्यांना थांबवून विचारतात म्हणे, कारखान्यात भरती आहे का.

मी बघते म्हटलं.

मंगळवार, १८ मार्च

बघतेय. करारात स्पष्ट लिहिलंय, फिल्मच्या कलाकारांबद्दल कुठेही काही बोलायचं नाही. साखऱ्याला आडून विचारलं. तो पहिल्यांदाच गोड बोलला नाही. "मॅडम, तुमचं नाव सगळीकडे झालंय. एकदा तोंड उघडलंत की कोणी दारात उभं करणार नाही." मग पुन्हा साखर: आणखी तीन कंपन्यांना असेच चेहरे हवेत. सगळे खरे नट, एकही रीलवाला नको.

हेच तर मी बावीस वर्षं मागत होते. आता मी ते बंद पाडू? माझ्यामागे पन्नास-साठ नट आहेत, त्यांची घरं आहेत. आणि एका पत्राने असं काय होणार? चौकशीवाले काही दुधखुळे नाहीत. नट आहे हे त्यांना कळत असेलच की.

पत्र लिहून मात्र ठेवलंय. चार ओळींचं. सही राहिलीय.

गुरुवार, २० मार्च

सकाळी सही केली. पाकीट पर्समध्ये टाकलं, सावकाशरावांना फोनवर सांगितलं, घेऊन येतेय. दहाला निघणार, तेवढ्यात नव्या कंपनीची माणसं न सांगता ऑफिसात हजर. ऑडिशन सुरू झालं. मध्येच उठून कसं जाणार? अकरा वाजले, बारा वाजले. एक पोरगी फार छान करत होती, तिला पुन्हा करायला लावलं. घड्याळ बघितलं तेव्हा अडीच. सुनावणी दोनला संपली.

सावकाशराव एकटेच गेले होते. संध्याकाळी त्यांनी फोनवर सांगितलं, तोही सावकाश, एकेक शब्द. दारावरच्या रखवालदाराने त्यांना ओळखलं, "या, तुम्ही कंपनीच्या बाजूने ना?" म्हणत खुर्ची दिली. आत त्यांनी सांगितलं, मी नट आहे. विचारलं, कागद काय आहे? ह्यांच्याकडे काहीच नव्हतं. कंपनीचा वकील म्हणाला, हा विषय इथला नाही. तो कामगार मागच्या बाकावर बसला होता. पत्र आलं नाही हे बघून उठून गेला.

"बाई, तुम्ही येणार होतात," एवढंच म्हणाले. मी ऑडिशनचं सांगायला लागले, तर त्यांनी फोन ठेवला. ते कधी फोन आधी ठेवत नाहीत.

पाकीट पर्समध्येच आहे.

सोमवार, ३१ मार्च

अहवाल आला. बॉयलर सांभाळणाऱ्या कामगाराचं दुर्लक्ष. म्हणजे त्या बाईचा नवरा स्वतः तर गेलाच, वर बाकीच्या तिघांना त्यानेच मारलं, असं आता कागदावर कायमचं झालं. त्या तिघांची घरं तिच्याच रस्त्यावर आहेत. ताईने मला पेपर दिला, घडी घालून, बातमी वर येईल अशी.

सावकाशरावांनी तिन्ही नवी कामं नाकारली. निरोप पाठवलाय की आता कोणाचंच काही उचलायचं नाही.

शनिवार, ५ एप्रिल

आज ती आली. अकराच्या सुमारास, एकटीच, खांद्यावर झोपलेला मुलगा. मी तिला कधी पाहिलं नव्हतं, पण दारात उभी राहिली तेव्हा लगेच कळलं. माझ्याकडे उत्तरं तयार होती, करार, धंदा, मी पत्र लिहिलं होतं वगैरे. आठवडाभर मनात घोळवत होते.

तिने विचारलं, "ती फिल्म मिळेल का?"

मला कळेना. म्हटलं, कशासाठी?

"आवाज नको. आवाज काढून टाका. शेवटी कंपनीचं नाव येतं ते पण नको." मुलाला तिने दुसऱ्या खांद्यावर घेतलं. "ह्यांचा फोन ह्यांच्या खिशातच होता, तोही जळला. माझ्याकडे नुसते फोटो आहेत, उभे राहिलेले. चालतानाचं काहीच नाही. ह्याला आठवणार नाही हो, बाबा कसे चालायचे ते."

मी संगणकावर बसले. आवाज काढला, नाव कापलं. एकवीस सेकंद उरले. तिने ते उभ्यानेच तीनदा बघितलं. मी खुर्ची दिली, तर म्हणाली, "तुम्ही लोक परत परत करता ना? बाकीचे आहेत का?"

होते. चौदाच्या चौदा होते. एकामागून एक, आवाज बंद ठेवून लावले. मुलगा तिच्या मांडीवर झोपलेला. चौदा वेळा तो माणूस घरी आला. पाचव्याला ती पुटपुटली, "खांदा विसरला." नवव्याला चक्क हसली, "हात फार लवकर काढला, एवढं काही तापलं नाहीये." मी मान डोलावत होते. माझ्या खुर्चीत बसून ती माझं काम माझ्यापेक्षा चांगलं करत होती. तेराव्यापर्यंत ती तशीच बोलत राहिली.

चौदाव्याला गप्प झाली. संपला, तरी पडद्याकडे बघत होती. परत लावा म्हणाली. परत लावला.

"बाकीच्यांत तो तुमचा नट आहे," ती म्हणाली. "ह्यात हेच आहेत. शेवटी वळून मला काहीतरी सांगतायत. नऊ दिवस सांगत होते, मला कळत नव्हतं." मग ती माझ्याकडे वळली. डोळे कोरडे होते. "ह्याच वेळी असं कसं झालं? त्याला कोणी काही सांगितलं होतं का?"

बावीस वर्षं मी माणसांचं खोटं पकडतेय. खरं कसं वाटतं ते मला पाठ आहे. घाई करायची नाही. नजर चुकवायची नाही. आवाज रोजचाच ठेवायचा.

"नाही हो," मी म्हटलं. "ते आपोआपच जमून गेलं."

तिचा विश्वास बसला.